जुन्या खेळांची वहिवाट

२०२४ च्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ ची ‘२४एच२’ ही आवृत्ती प्रसृत केली, आणि त्यानंतर काही काळाने, ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’ हा २००५ साली वैयक्तिक संगणकावर आलेला खेळ आजही निष्ठेने खेळणाऱ्या मंडळींच्या असे ध्यानात आले, की त्यातील ‘स्किमर’ नावाचे, पाण्यावर उतरणारे छोटे विमान नाहीसे झाले आहे. नेहमीच्या धक्क्यावर ते दिसेना. आणि एखाद्या युक्तीने ते बोलावून नायकाला त्यात बसवावे, तर नायक विमानासह कल्पनेपलीकडच्या उंचीवर फेकला जाई. जवळजवळ वीस वर्षे निमूटपणे उडणारे विमान नव्या आवृत्तीच्या आगमनाबरोबर गेले, तेव्हा दोष नव्या आवृत्तीचाच असणार असे सर्वांनी धरून चालावे, हे स्वाभाविकच होते.

या खेळाची दुरुस्ती वर्षानुवर्षे स्वेच्छेने करणाऱ्या, ‘सायलेंट’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमरने २०२५ साली या प्रकरणाचा छडा लावला, आणि त्याचा निष्कर्ष अगदी उलट निघाला. खेळातील प्रत्येक वाहनाची माहिती एका साध्या मजकुराच्या फाइलीत ओळीओळीने लिहिलेली असते, आणि ओळीच्या शेवटी चाकांच्या आकाराचे आकडे असतात. स्किमरच्या ओळीत मात्र हे आकडे लिहायचे राहून गेले होते, कारण आधीच्या ‘व्हाइस सिटी’ या खेळात त्याची नोंद होडी म्हणून झालेली होती, आणि होडीला चाके नसतात. आकडे मिळाले नाहीत तर काय करावे, याची कसलीही तजवीज खेळात नव्हती. त्यामुळे मेमरीच्या ज्या तात्पुरत्या भागात, म्हणजे स्टॅकमध्ये, हे आकडे यावयाचे, तेथे आधीच्या वाहनाचे जे आकडे पडून राहिलेले असत, तेच स्किमरचे म्हणून वाचले जात. त्या दोन वाचनांच्या मध्ये विंडोजचे एक अंतर्गत काम त्याच स्टॅकवर होत असे. पण त्याला जागा थोडी लागे, आणि ते शिळे आकडे सुरक्षित राहत. २४एच२ मध्ये त्या कामाला थोडी अधिक जागा लागू लागली, आकडे पुसले गेले, त्यांच्या जागी निरर्थक संख्या आल्या, आणि विमान गेले. विंडोजने आपला कोणताही जाहीर नियम मोडला नव्हता.

जुने खेळ नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर का चालत नाहीत, या प्रश्नाचे बहुतेक सारे मर्म या एका उदाहरणात सापडते. प्रोग्रॅम आणि त्याला आश्रय देणारी प्रणाली यांच्यात एक लिखित करार असतो. परंतु शेतातून वर्षानुवर्षे जाणाऱ्या पायवाटेचा हक्क जसा सातबाऱ्यावर नसला तरी वहिवाटीने चालत असतो, तसे कित्येक व्यवहार करारात नसूनही चालू राहतात, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाही आपण अशा वाटेने जात आहोत याची जाणीव नसते. खेळांच्या बाबतीत ही वहिवाट इतर कोणत्याही प्रोग्रॅमपेक्षा दाट होती. हिशेबाच्या किंवा पत्रलेखनाच्या प्रोग्रॅमला यंत्राची सारी शक्ती कधी लागलीच नाही. खेळ लिहिणाऱ्याला मात्र ती शेवटच्या थेंबापर्यंत हवी असे, आणि ती मिळविण्यासाठी तो नियमांची हद्द बेधडक ओलांडीत असे.

ही हद्द मुळात आखली गेली ती १९८१ साली, आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाबरोबर. त्यातील इंटेल ८०८८ हा प्रोसेसर १०२४ किलोबाइट मेमरीपर्यंतच पोहोचू शकत होता, आणि त्यातील ६४० किलोबाइट प्रोग्रॅमसाठी सोडून उरलेला ३८४ किलोबाइटचा भाग पडदा व इतर उपकरणे यांच्याकडे राखून ठेवलेला होता. एमएस-डॉस ही प्रणाली फाइली उघडण्या-मिटण्यापलीकडे फारशी दखल घेत नसे; त्यामुळे खेळ पडद्याच्या मेमरीत स्वतःच रंग भरी, साउंड ब्लास्टर कार्डाशी स्वतःच बोले, आणि ते कार्ड कोणत्या पोर्टवर, कोणत्या आयआरक्यूवर व कोणत्या डीएमए मार्गावर बसविले आहे हे खेळणाऱ्याला स्वतः सांगावे लागे. त्या काळात ज्यांनी २२०, ५ आणि १ हे आकडे भरून आवाज मिळविला, त्यांना ते आकडे आजही पाठ असतील. ओरिजिन कंपनीच्या १९९२ च्या ‘अल्टिमा ७’ ने तर मेमरीची स्वतःची अशी अपूर्व व्यवस्था केली होती, की मेमरी सांभाळणारे तत्कालीन नेहमीचे प्रोग्रॅम हजर असले तर तो खेळ सुरूच होत नसे.

याहून सूक्ष्म गृहीतक होते ते वेळेचे. मूळ आयबीएम यंत्राचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ होता, आणि यंत्र याच वेगाने चालणार असे धरून कित्येक खेळ लिहिले गेले. पुढील यंत्रांवर ते इतके भरधाव धावू लागले, की यंत्राचा वेग मुद्दाम कमी करण्यासाठी संगणकाच्या पेटीवर ‘टर्बो’ हे बटण बसवावे लागले. १९९० च्या ‘विंग कमांडर’ मधील अंतराळयुद्ध नंतरच्या यंत्रांवर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच आटोपू लागले. बोरलँडच्या टर्बो पास्कलमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमांची गत अधिक विलक्षण झाली. यंत्र किती वेगवान आहे हे ठरविण्यासाठी त्यातील एक भाग सुरुवातीलाच, घड्याळाच्या सुमारे ५५ मिलिसेकंदांच्या एका ठोक्यात किती फेऱ्या पूर्ण होतात हे मोजी, आणि त्या संख्येला ५५ ने भागून उत्तर १६ बिटांच्या जागेत ठेवी. एका ठोक्यात सुमारे ३६ लाख फेऱ्या मारणारे यंत्र कधी घरोघरी येईल, ही शंका तो भाग लिहिणाऱ्याला शिवली नव्हती. ते नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात आले, भागाकाराचे उत्तर जागेत मावेना, आणि हे प्रोग्रॅम पहिला पडदा दाखविण्यापूर्वीच ‘रनटाइम एरर २००’ असे म्हणून थांबू लागले. जे यंत्र हळू असल्यामुळे अडते त्याला उपाय असतो. यंत्र फार सुधारले म्हणून जे अडते, त्याची उपपत्ती सामान्य माणसाला कशी लागावी?

मायक्रोसॉफ्टने या जुन्या वहिवाटीची पायमल्ली केली, असे मात्र म्हणता येणार नाही; उलट एके काळी त्या कंपनीने तिचा जेवढा मान राखला तेवढा क्वचितच कोणी राखला असेल. ‘सिमसिटी’ या नगररचनेच्या खेळाची विंडोजसाठीची जुनी आवृत्ती, मोकळी करून परत दिलेली मेमरी पुन्हा वाचीत असे. जुन्या विंडोजमध्ये ती जागा लगेच दुसऱ्या कोणाला दिली जात नसल्यामुळे हा प्रमाद लपून राहिला होता. विंडोज ९५ मध्ये तो उघडा पडताच तेथील प्रोग्रॅमरांनी, सिमसिटी चालू आहे असे दिसल्यास मेमरी लगेच परत घेऊ नये, अशी खास मुभा प्रणालीतच लिहून ठेवली. ही हकीकत प्रोग्रॅमर व लेखक जोएल स्पोल्स्की यांनी नमूद करून ठेवली आहे, आणि परक्याचा दोष आपल्या अंगावर घेऊन ग्राहकाचे काम अडू न देण्याची ही वृत्ती मला अत्यंत आदरणीय वाटते.

परंतु या सौजन्यालाही एक सीमा होती, आणि ती ६४ बिटांच्या प्रोसेसरांबरोबर आली. हे प्रोसेसर आपल्या पूर्ण ६४ बिटी अवस्थेत असताना, डॉसचे प्रोग्रॅम चालविण्यासाठी लागणारी जुनी ‘व्हर्च्युअल ८०८६’ ही सोय उपलब्ध होत नाही. म्हणून ६४ बिटी विंडोजमधून डॉसचा व १६ बिटी प्रोग्रॅमांचा आधार वगळण्यात आला. याचा एक अनपेक्षित फटका असा बसला, की नव्वदीतील कित्येक खेळ स्वतः ३२ बिटी असल्यामुळे आजही चालू शकले असते, पण ते सीडीवरून उतरवून घेणारा इन्स्टॉलर १६ बिटी असल्यामुळे दारातच अडतात. २०२१ साली विंडोज ११ केवळ ६४ बिटी स्वरूपातच आली, आणि ही अधिकृत वाट कायमची बंद झाली. विंडोजबरोबर फुकट मिळणाऱ्या ‘स्पेस कॅडेट’ या पिनबॉलच्या खेळाची कथाही याच स्थित्यंतरातील आहे. ६४ बिटांसाठी तो नव्याने बांधला, तेव्हा चेंडू कशालाही न अडखळता साऱ्या अडथळ्यांतून आरपार जाऊ लागला. बाहेरच्या कंपनीने लिहिलेल्या, स्पष्टीकरणाच्या टिपा नसलेल्या त्या प्रोग्रॅमच्या मजकुरात दोष कोठे आहे हे शोधता येईना, आणि अखेर खेळच वगळावा लागला, असे मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी लिहिले आहे. पुढे हौशी मंडळींनी त्याच खेळाची उकल करून तो आजच्या यंत्रांवर उत्तम चालवून दाखविला.

या हौशी मंडळींचे कार्य हाच माझ्या मते या साऱ्या विषयाचा गाभा आहे. २००२ साली नेदरलँड्समधील दोघा प्रोग्रॅमरांनी ‘डॉसबॉक्स’ प्रथम प्रसिद्ध केला. खेळ दुरुस्त करण्याच्या भानगडीत न पडता, त्या खेळाला अपेक्षित असलेले संपूर्ण जुने यंत्र, त्याचा प्रोसेसर, पडदा, साउंड कार्ड आणि मंद गतीसह, नव्या यंत्राच्या पोटात उभे करावयाचे, असा त्यांचा मार्ग होता. एका मिलिसेकंदात किती आज्ञा पार पडाव्यात हे त्यात ‘सायकल्स’ या आकड्याने ठरविता येते; साध्या डॉस खेळांसाठी तो मुळात ३००० असतो, आणि तो कमी-जास्त करीत खेळाची योग्य चाल शोधून काढणे ही एक स्वतंत्र साधनाच आहे. पडद्याचेही तसेच. त्या काळचे ३२० गुणिले २०० ठिपक्यांचे चित्र चारास तीन या प्रमाणाच्या काचेवर ताणले जाई, त्यामुळे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा उंच दिसे. आजच्या पडद्यावर ते चौरस ठिपक्यांनी दाखविले की माणसे बुटकी आणि फोफशी दिसतात. आपल्याकडे शाळा-महाविद्यालयांच्या संगणककक्षांत एक पिढी ज्यावर पोसली, त्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ मधील राजपुत्राची सडपातळ चपळाई, जॉर्डन मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाच्या धावण्या-उडी मारण्याचे चित्रीकरण करून त्यावरून रेखाटलेली, या एका प्रमाणाच्या चुकीने नासते. खेळ नुसता चालला म्हणजे तो मिळाला, असे म्हणूनच मानता येत नाही.

याच मेकनर यांच्यापाशी १९८९ च्या त्या खेळाचा ॲपल-२ साठी लिहिलेला प्रोग्रॅमचा मूळ मजकूर उरला नव्हता. २०१२ साली त्यांच्या वडिलांच्या घरी जुन्या फ्लॉपींचा संच सापडला, जाणकारांच्या साहाय्याने त्या वाचल्या गेल्या, आणि तो मजकूर त्यांनी सर्वांसाठी खुला केला. कर्त्याच्याच दफ्तरातून जी वस्तू हरवते, ती कंपन्यांच्या विलीनीकरणात आणि दिवाळखोरीत कशी टिकावी?

हौशी मंडळींचा दुसरा मार्ग पुनर्लेखनाचा. लुकासआर्ट्सचे ‘मंकी आयलंड’ सारखे खेळ ‘स्कम’ नावाच्या यंत्रणेवर बेतलेले होते. २००१ साली सुरू झालेल्या ‘स्कमव्हीएम’ ने मूळ खेळातील चित्रे, ध्वनी व संवाद तसेच ठेवून ही यंत्रणाच नव्याने लिहिली, आणि ‘बिनीथ अ स्टील स्काय’ च्या कर्त्यांनी तर आपला मजकूर या मंडळींच्या हवाली करून २००३ साली खेळ विनामूल्य केला. तिसरा मार्ग १९९३ पासून चालत आलेल्या ‘वाइन’ चा. विंडोजच्या मागण्या लिनक्सला समजतील अशा करणारा हा प्रकल्प व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ साली ‘प्रोटॉन’ या रूपाने पुढे नेला, आणि आज परिस्थिती अशी आहे, की विंडोजसाठी लिहिलेले काही जुने खेळ विंडोजपेक्षा लिनक्सवरच अधिक सुरळीत चालतात.

व्यापाराच्या बाजूने पोलंडमधील ‘गुड ओल्ड गेम्स’ या संस्थेने २००८ पासून जुने खेळ, पुष्कळदा डॉसबॉक्सच जोडून, पुन्हा विक्रीला ठेवले. पण हा प्रवाह क्षीण आहे. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार तेथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात कोठेही मिळत नाहीत. आणि ग्रंथालयांनी असे खेळ अभ्यासकांना दूरवरून पाहू द्यावेत ही मागणी तेथील कॉपीराइट कार्यालयाने २०२४ साली फेटाळली. नकलेपासून संरक्षण म्हणून सीडीवर बसविलेल्या ‘सेफडिस्क’ च्या कुलुपाने तर अन्यायाची कमाल केली. त्यासाठी विंडोजच्या गाभ्यात शिरणारा जो ड्रायव्हर लागे, तो सुरक्षिततेच्या दृष्टीने धोकादायक ठरल्यामुळे विंडोज १० मधून काढून टाकण्यात आला, आणि ज्यांनी रास्त किंमत देऊन सीडी विकत घेतली त्यांचेच खेळ बंद पडले.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकीय प्रोग्रॅम साहित्यकृतींतच मोडतो, आणि कलम ५२ अन्वये, ज्याच्याजवळ प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे आहे त्याला, ती ज्या हेतूने मिळाली त्या हेतूसाठी वापरता यावी म्हणून, तसेच नाशापासून बचाव म्हणून प्रत करण्याची मुभा आहे. १९५४ च्या कायद्याने छापील पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, तसेच मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ग्रंथालयांत जमा होते. सीडीवर निघालेल्या खेळासाठी तसा बंदोबस्त त्या कायद्यात नाही. ‘प्रोजेक्ट आयजीआय’ किंवा ‘क्रिकेट ०७’ यांवर सायबर कॅफेतील किती तरुणांच्या संध्याकाळी गेल्या, हे उद्याच्या समाजशास्त्रज्ञाला अभ्यासावेसे वाटले, तर त्याने त्या वस्तू कोठे पाहाव्यात?

तसा बंदोबस्त होईपर्यंत हे दफ्तर घरोघरच्या कपाटांतच आहे. ज्यांच्यापाशी नव्वदीतील सीडी असतील, त्यांनी त्यांची प्रतिमा संगणकावर उतरवून घ्यावी, आणि वेष्टनावर किंवा पुस्तिकेत छापलेला अनुक्रमांकही तिच्याबरोबर नोंदवून ठेवावा, कारण त्यावाचून इन्स्टॉलर पुढे सरकत नाही. मात्र नेहमीची ‘आयएसओ’ प्रतिमा येथे पुरत नाही. त्या काळी कित्येक खेळांचे संगीत त्याच सीडीवर, गाण्यांच्या सीडीप्रमाणे वेगळ्या ट्रॅकवर ध्वनिमुद्रित असे. आयएसओमध्ये केवळ माहितीचा भाग येतो आणि संगीत मागे राहते. त्यासाठी ‘बिन’ आणि ‘क्यू’ या फाइलींची जोडी करावी लागते. यातील क्यू ही छोटी, साध्या मजकुराची फाइल कोणता ट्रॅक कोठे सुरू होतो एवढेच सांगते, आणि डॉसबॉक्सला सीडी जोडून देताना तिचेच नाव द्यावयाचे असते.