वासुदेव गायतोंडे : मान्यता, समीक्षा आणि मोल

प्रस्तावना :
एखाद्या चित्रकाराला ‘मान्यता मिळाली’ असे म्हटले जाते तेव्हा तीन भिन्न बाबी एकत्र केल्या जातात : संस्थांनी दिलेले सन्मान, समीक्षकांनी केलेले आकलन आणि बाजारात मिळालेली किंमत. या तिन्ही बाबी एकाच वेळी येतात असे नाही आणि त्यांपैकी एक दुसरीची जागा घेऊ शकत नाही. वासुदेव संतू गायतोंडे (१९२४-२००१) यांच्या कारकिर्दीच्या आधारे हा भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संस्थात्मक मान्यता :
गायतोंडे यांचा जन्म नागपूर येथे गोमंतकीय कुटुंबात झाला. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतून त्यांनी १९४८ मध्ये पदविका घेतली. १९५० मध्ये ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी जोडले गेले. १९५७ मध्ये टोकियो येथील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीमुळे न्यूयॉर्कमध्ये राहण्याची संधी लाभली आणि १९७१ मध्ये पद्मश्री प्राप्त झाली. हा क्रम पाहता, ते हयातीत सर्वस्वी उपेक्षित राहिले ही समजूत वस्तुस्थितीला धरून नाही. वयाच्या पन्नाशीपूर्वीच संस्थांनी त्यांची दखल घेतली होती. उणीव होती ती आकलनाची.

समीक्षेपुढील अडचण :
विषय, सादृश्य आणि भाव या कसोट्यांवर चित्र पारखण्याची सवय असलेल्या रसिकाला गायतोंडे यांच्या चित्रांत हाती धरण्यासारखे काही सापडत नाही. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या चित्रांतून आकृती नाहीशी झाली. पुढे बहुतेक चित्रांना त्यांनी शीर्षकही दिले नाही. आपली चित्रे ‘अमूर्त’ नसून ‘वस्तुनिरपेक्ष’ आहेत, अशी त्यांची भूमिका होती. या भेदाला अर्थ आहे. अमूर्त म्हटले की मूळच्या मूर्त वस्तूपासून दूर जाणे सूचित होते. वस्तुनिरपेक्ष चित्रात अशी मूळ वस्तू गृहीतच नसते.

चित्र बोलत नाही, चित्रकारही बोलत नाही, अशा स्थितीत लेखनाचा भर त्यांच्या एकांतप्रिय जीवनाकडे आणि झेन विचाराच्या ओढीकडे वळला. ही ओढ खरी होती. परंतु व्यक्तीविषयीची आख्यायिका म्हणजे कलाकृतीचे विश्लेषण नव्हे. रूळ आणि रंगपट्टी यांच्या साहाय्याने रंगाचे थर चढविणे, ते खरवडणे आणि पुन्हा झाकणे, या प्रक्रियेतून चित्रपृष्ठाच्या आतून प्रकाश झिरपत असल्याचा प्रत्यय कसा येतो, हा समीक्षेचा खरा प्रश्न होता. ज्ञानेश्वर नाडकर्णी यांची गायतोंडे यांच्यावरील पुस्तिका ललित कला अकादमीने १९८३ मध्ये प्रसिद्ध केली. तथापि मराठीत त्यांच्यावरील मोठा ग्रंथ येण्यास २०१६ साल उजाडावे लागले. तो ‘चिन्ह’ने प्रकाशित केला.

मोल :
दरम्यान बाजार पुढे गेला होता. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतील लिलावात त्यांचे १९७९ मधील एक चित्र सुमारे २३.७ कोटी रुपयांना विकले गेले. २०१५ मध्ये दुसऱ्या एका चित्राला २९ कोटींहून अधिक किंमत आली. गायतोंडे दीर्घ चिंतनानंतर मोजकीच चित्रे रंगवीत. त्यामुळे उपलब्ध चित्रे थोडी आणि मागणी मोठी, हे या किमतींमागील एक उघड कारण आहे. या दोन लिलावांच्या मधल्या काळात, २०१४-१५ मध्ये, न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. चित्रनिर्मितीची प्रक्रिया हाच त्या प्रदर्शनाच्या मांडणीचा एक मुख्य धागा होता, ही बाब लक्षणीय आहे.

समारोप :
किंमत ही खरेदीदारांच्या चढाओढीची नोंद असते. चित्रात काय घडते हे ती सांगू शकत नाही. आज विद्यार्थ्यापर्यंत कोटींचा आकडा आधी पोहोचतो आणि चित्र नंतर, किंवा पोहोचतच नाही. छापील प्रतिकृतीत रंगाचे थर सपाट होतात. म्हणून मूळ चित्रासमोर उभे राहण्यास पर्याय नाही. दिल्लीचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्या संग्रहांत त्यांची चित्रे आहेत. विद्यार्थ्याला अशा चित्रासमोर नेऊन, दिसते ते नेमक्या मराठी शब्दांत मांडावयास लावणे, हे कलाशिक्षकाइतकेच भाषाशिक्षकाचेही काम आहे. ते झाले नाही, तर आकडा हीच समीक्षा ठरेल.