आयोडिनाचे दोन थेंब आणि आपली हळद

आमच्या वाई तालुक्यांतील एका बागाईतदारानें गेल्या उन्हाळ्यांत घरच्या हळकुंडांची पूड करून परगांवीं विकावयास नेली. गिऱ्हाइकानें चिमूटभर पूड पाण्यांत कालवून तींत टिंक्चर आयोडिनाचे दोन थेंब टाकले. पाणी काळेंनिळें झालें. ‘पीठ मिसळलें आहे’ असा निकाल तेथल्या तेथें लागला आणि माल परत आला. पूड निर्भेळ होती. आम्ही हयातभर महसुलाच्या दप्तरांत बसलों. खरा दाखला भलत्याच प्रकरणास जोडला म्हणजे काय घडतें, तें जाणतों. येथें तेंच झालें.

आयोडीन हें मूलद्रव्य १८११ सालीं बेर्नार कूर्त्वा या फ्रेंच गृहस्थास समुद्रवनस्पतींच्या राखेंत सांपडलें, व पिष्टाशीं मिळून तें निळा रंग देतें ही गोष्ट १८१४ सालीं फ्रान्सांतच नमूद झाली. पिष्ट म्हणजे धान्यांत व कंदांत सांठलेलें पिठूळ सत्त्व. त्याचा एक घटक मळसूत्रासारखा वळलेला असतो; त्या वेढ्यांत आयोडीन जाऊन बसलें कीं निळा रंग उमटतो. ऊन द्रवांत हा रंग नाहींसा होतो व निवल्यावर परत येतो. म्हणून थेंब टाकण्यापूर्वीं पदार्थ पुरता थंड करावा. उतावळा मनुष्य येथेंच फसतो.

ही परीक्षा खरी शोभते ती दुधाला व खव्याला. कारण दुधांत पिष्ट स्वभावतः नसतें. पाणी घालून पातळ झालेल्या दुधास दाटपणा आणण्याकरितां लबाड लोक त्यांत पीठ घालतात. कंदी पेढ्यासाठीं खवा घेणारानें हरभऱ्याएवढा तुकडा थोड्या पाण्यांत उकळून, निववून, त्यावर दोन-तीन थेंब टाकावे. पिवळट-तपकिरी रंग राहिला तर पीठ नाहीं. निळा झाला तर आहे. दुधास उकळण्याचीहि गरज नाहीं. तपासलेला नमुना मात्र फेकून द्यावा. नुसतें पाणी किंवा युरिया घातला असेल, तर त्याविषयीं आयोडीन कांहींच सांगत नाहीं.

हळदीची गोष्ट अगदीं वेगळी. हळद हा कंद आहे, आणि पिष्ट तिच्या अंगचेंच. सरकारी मानकांतहि पुडीमध्यें एकंदर पिष्ट शेंकडा ६० पर्यंत ग्राह्य धरलें आहे. मग पाणी निळें न होईल तरच नवल! उलट, जी पूड निळी होत नाहीं तिचाच संशय घ्यावा. बाजारांतील बांधानी हिंगाचेंहि असेंच. त्यांत मैदा किंवा गोंद असणें कायद्यास संमत आहे.

हळदींत बाहेरचें पीठ आहे कीं नाहीं, हें सूक्ष्मदर्शकच सांगूं शकतो. काहिलींत हळद शिजविली म्हणजे कंदांतील पिष्टाचे कण फुगून एकजीव होतात; वाळलेलें हळकुंड शिंगासारखें कठीण होतें तें त्यामुळेंच. मागाहून मिसळलेल्या कच्च्या पिठाचे कण सुटे व आपापल्या आकाराचे दिसतात. न शिजवितां वाळविलेल्या हळदीचे कणहि सुटेच राहतात. म्हणून हें काम जाणत्याचें. चकाकीसाठीं लावलेलें लेड क्रोमेट हें याहून मोठें भय. त्याविषयीं आयोडीन मुकेंच आहे.

पूड विकणारानें चार अखंड हळकुंडें नेहमीं बरोबर ठेवावीं. गिऱ्हाइकानें बाटली काढली, कीं त्यांतीलच एक त्याच्या हातून कुटवून घ्यावें व त्यावर तेच दोन थेंब टाकावयास सांगावें. तेंहि निळें होतें. इतक्यावर समाधान न झाल्यास नमुना अन्नपरीक्षेच्या प्रयोगशाळेकडे पाठवावा, व अहवाल येईपर्यंत मोहोरबंद नमुन्याचा दुसरा भाग आपणापाशीं ठेवावा.