देवदूत : पूज्य की सहपूजक?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्या शाळेत हिंदू आणि ख्रिस्ती मुले एकाच बाकावर बसत आली आहेत, आणि गावच्या चर्चची घंटा दोघांच्याही कानांवर सारखीच पडत आली आहे. सकाळ, दुपार आणि तिन्हीसांज अशा तीन वेळी तीन-तीन ठोक्यांनी वाजणाऱ्या या घंटेबरोबर जी प्रार्थना म्हटली जाते तिचे नाव 'आंजेलुस'. लॅटिन प्रार्थनेचा हा पहिला शब्द. त्याचा अर्थ 'देवदूत'. मरियेकडे निरोप घेऊन आलेल्या गब्रीएल दूताचे हे स्मरण असते. घंटा आपण सर्वांनी ऐकली. परंतु देवदूताचे ख्रिस्ती उपासनेत नेमके स्थान कोणते, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले? मी स्वतः पुष्कळ वर्षे विचारले नव्हते. त्याची मला जी किंमत वाटते ती सांगूनच विषयाला आरंभ करतो.

पदव्युत्तर वर्गाला मी फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' शिकवीत असे. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाने मराठी ओवीत रचलेला हा ग्रंथ १६१६ मध्ये राचोल येथे छापला गेला. स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा आपला शब्द योजण्यास स्टीफन्स कचरले नाहीत. तेव्हा मीही वर्गात सांगून मोकळा होई, की यातील देवदूत म्हणजे ख्रिस्ती परंपरेतील गौण देवता होत. ख्रिस्ती लोक त्यांची पूजा करतात. एका वर्षी एका ख्रिस्ती विद्यार्थिनीने उत्तरपत्रिकेत लिहिले, की देवदूतांची पूजा होत नाही, ते आमच्याबरोबर पूजेला उभे असतात. मी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढली आणि गुण कापले. चूक तिची नव्हती, माझी होती, हे मला उमजेपर्यंत निकाल लागून बरीच वर्षे लोटली होती.

ही चूक कशी झाली, ते पाहणे उद्बोधक आहे, कारण ती शब्दातून जन्मली. हिब्रू 'मलाख' आणि ग्रीक 'आंगेलॉस' या दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ केवळ 'निरोप्या'. मराठी बायबलातील 'देवदूत' हा शब्द त्यांना अगदी नेमका आहे. परंतु मराठी मनात 'दूत' म्हटले की प्रथम उभा राहतो तो रामदूत मारुती. तो दूत तर खराच, पण वेशीवर त्याचे देऊळ असते, शनिवारी त्याला तेल वाहिले जाते. आपल्या परंपरेत स्वामीचा दूत स्वतः पूज्य होऊ शकतो, आणि त्यात आपणास काही विसंगत वाटत नाही. तोच संस्कार मी नकळत ख्रिस्ती देवदूतावर लादला होता.

ख्रिस्ती धर्मग्रंथाने मात्र या वाटेवर स्पष्ट अडसर घातलेला आहे. नव्या कराराच्या अखेरच्या ग्रंथात, प्रकटीकरणात, योहान देवदूताच्या पायांशी लोटांगण घालू पाहतो, आणि देवदूत त्याला थांबवतो. त्याचे म्हणणे असे, की मी तुझ्यासारखाच एक सेवक आहे. नमन करायचे ते देवाला. हा प्रसंग त्या ग्रंथात एकदा नव्हे, दोनदा येतो. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रातही देवदूतांच्या पूजेविषयी इशारा आहे. कलस्सै नगराच्या शेजारीच असलेल्या लावदिकीया येथे चौथ्या शतकात भरलेल्या धर्मसभेने अशा पूजेला नियम करून मनाई केली. मनाई करावी लागली याचाच अर्थ, माणसांचा कल तिकडे होता.

मग देवदूतांचे उपासनेत काम काय? त्याचे उत्तर यशया संदेष्ट्याच्या दर्शनात सापडते. उज्जीया राजाच्या मृत्यूच्या वर्षी, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकात, यशयाला मंदिरात उंच सिंहासनावर देव दिसला. भोवती सराफीम उभे होते. प्रत्येकाला सहा पंख : दोहोंनी मुख झाकलेले, दोहोंनी पाय झाकलेले, दोहोंनी ते उडत होते. ज्यांना देवाच्या सर्वांत निकट उभे राहण्याचा मान, त्यांनीच मुख झाकून घ्यावे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ते एकमेकांना हाक घालून देवाला त्रिवार 'पवित्र' म्हणत होते. त्या घोषाने उंबरठे हादरले आणि मंदिर धुराने भरले. तेव्हा देवदूत म्हणजे प्रथम उपासक. निरोप पोहोचविणे हे त्याचे दुसरे काम.

हाच त्रिवार घोष आज मिस्सेत गायिला जातो. भाकर आणि द्राक्षरस वेदीवर ठेवल्यानंतर धर्मगुरू आभाराची प्रार्थना म्हणतो, आणि तिच्या शेवटी, देवदूतांच्या स्वरात आमचाही स्वर मिळो, अशा आशयाचे शब्द येतात. लगेच सारी मंडळी ते गीत गाते. या गीताची घडण पाहा : पूर्वार्ध यशयाने ऐकलेल्या सराफीमांचा, तर उत्तरार्ध येरुशलेमच्या रस्त्यावर येशूचे स्वागत करणाऱ्या जनसमुदायाचा. एक अर्ध देवदूतांचे, एक अर्ध माणसांचे.

ही घडण योगायोगाची नाही. रविवारी आणि सणांना म्हटले जाणारे 'ग्लोरिया' हे स्तोत्र घ्या. त्याचा आरंभ बेथलेहेमच्या रानात मेंढपाळांनी ऐकलेल्या देवदूतांच्या गीताने होतो. पुढचा सारा विस्तार ख्रिस्तमंडळाने रचलेला आहे. आंजेलुसच्या घंटेबरोबर तीनदा म्हटली जाणारी 'नमो मरिये' ही प्रार्थना घ्या. तिचे पहिले शब्द गब्रीएलाचे, नंतरचे मरियेची आप्त एलिझाबेथ हिचे, आणि शेवटची विनवणी भक्तांची. तिन्ही ठिकाणी रीत एकच : देवदूत आरंभ करतो, माणूस पुढे नेतो.

आपल्या कीर्तनाच्या फडावर हे रोज घडते. कीर्तनकार अभंगाचा चरण म्हणतो, मागे उभे असलेले टाळकरी तो उचलतात. कोणी टाळकरी कीर्तनकाराची पूजा करण्यासाठी तेथे उभा नसतो. दोघांचीही तोंडे विठ्ठलाकडे असतात. कीर्तनकाराला आपण मान देतो, हार घालतो, पायाही पडतो, हे खरे; परंतु कीर्तन त्याचे नसते, देवाचे असते. ख्रिस्ती उपासनेत देवदूत चरण म्हणणारा आणि मंडळी टाळकरी, असे म्हटले तर मला वाटते आपण सत्याच्या बरेच जवळ जाऊ.

मान आणि पूजा यांतील हा भेद ख्रिस्ती पंडितांनीही काटेकोरपणे मांडला आहे. ७८७ मध्ये नायसिया येथे भरलेल्या दुसऱ्या धर्मपरिषदेने संतांप्रमाणेच देवदूतांच्याही प्रतिमांना मान देण्यास संमती दिली. मात्र आराधना केवळ देवाची, हेही बजावले. कॅथलिक पंथात मीखाएल, गब्रीएल आणि राफाएल यांचा सण २९ सप्टेंबरला, तर रक्षक देवदूतांचा २ ऑक्टोबरला असतो, आणि भाविक त्यांच्याकडे मध्यस्थीची याचना करतात. प्रॉटेस्टंट पंथांना अशी याचना मान्य नाही. तरी देवदूतांसह गाण्याची कल्पना अँग्लिकन प्रभुभोजनविधीतही कायम आहे. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स उपासनेत तर भाकर आणि द्राक्षरस वेदीकडे नेताना जे गीत गातात, त्यात गाणारे स्वतःला करूबीमांचे प्रतिरूप मानतात. याचना करावी की करू नये, यावर मतभेद आहेत. सोबत गाण्यावर मात्र या तिन्ही परंपरांचे एकमत आहे.

मला हे उमजले ते ग्रंथातून नव्हे. निवृत्तीनंतर एका नाताळच्या रात्री शेजाऱ्यांच्या आग्रहाने मी मिस्सेला गेलो. नाताळपूर्वीच्या आगमनकाळात, सुमारे चार आठवडे, रविवारच्या मिस्सेतून ग्लोरिया वगळलेले असते, हे त्यांनी मला वाटेतच सांगितले होते. त्या रात्री ते स्तोत्र परतले. मंडळी कोंकणीत गात होती, लहान मुले, म्हाताऱ्या बायका, सारेच; आणि कोणाचीही नजर देवदूताच्या मूर्तीकडे नव्हती, सर्वांची वेदीकडे होती. मला ती लाल रेघ आठवली. त्या मुलीने जे ग्रंथाधाराशिवाय एका वाक्यात लिहिले होते, ते मी चाळीस वर्षांच्या अध्यापनात वाचूनही वाचले नव्हते. शेजाऱ्याच्या श्रद्धेविषयी लिहिण्यापूर्वी शेजाऱ्याला विचारावे, एवढे साधे पथ्य मी पाळले नाही. येथे बसलेल्या तरुण शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे, की उत्तरपत्रिकेतील अनपेक्षित वाक्यावर रेघ ओढण्यापूर्वी क्षणभर थांबावे.

स्मृतिव्याख्यानाच्या समारोपाला आणखी एक गोष्ट सांगणे उचित होईल. पारंपरिक कॅथलिक अंत्यविधीत पार्थिव चर्चमधून दफनभूमीकडे नेताना एक जुने लॅटिन गीत गातात. देवदूतांनी या जिवाला सोबत करून नंदनवनात न्यावे, अशी त्यात प्रार्थना आहे. जे जन्मभर उपासनेत शेजारी उभे राहून गात होते, तेच शेवटच्या वाटेवर हात धरतात, असा त्यातील भाव आहे. आपल्या गुरुजींचा धर्म वेगळा होता. परंतु पुढे होऊन चरण म्हणावा आणि मुलांनी तो उचलेपर्यंत धीर धरावा, हे त्यांनी या शाळेत आयुष्यभर केले. त्यांच्या स्मृतीस मी विनम्र अभिवादन करतो.