लोकलचे तीन डबे, पाच अडथळे आणि ८.१२ सेकंद : ज्योती याराजीने जिंकलेली इनडोअर शर्यत नेमकी असते काय?

अंधेरी किंवा घाटकोपरच्या प्लॅटफॉर्मवर लोकल उभी आहे असं समजा. तिचा एक डबा साधारण २० मीटर लांब असतो, म्हणजे तीन डबे झाले ६० मीटर. आता या तीन डब्यांच्या अंतरात पाच अडथळे ठेवा. १७ फेब्रुवारी २०२४ रोजी तेहरानमध्ये ज्योती याराजीने हे अंतर ८.१२ सेकंदांत पार केलं आणि आशियाई इनडोअर अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं. हा तेव्हा राष्ट्रीय विक्रमही ठरला.

पण ऑलिम्पिकमध्ये तर महिलांची अडथळा शर्यत १०० मीटरची असते. मग ही ६० मीटरची भानगड काय आहे?

इनडोअरमध्ये ६० मीटरच का?

कारण साधं आहे, जागा. मैदानावरचा ट्रॅक ४०० मीटरचा असतो, तर छताखालचा २०० मीटरचा. त्यात १०० मीटरची सरळ पट्टी बसत नाही. म्हणून इनडोअरमध्ये ६० मीटरची शर्यत मधल्या सरळ पट्टीवर होते. रेषा ओलांडली की लगेच थांबावं लागतं, त्यामुळे पलीकडच्या भिंतीला जाड गाद्या लावलेल्या असतात.

युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात बाहेर धावणं अवघड, म्हणून तिथे हा वेगळा हंगामच असतो. त्याकडे 'सराव स्पर्धा' म्हणून बघू नका. सेंट लुसियाच्या ज्युलियन आल्फ्रेडने मार्च २०२४ मध्ये ग्लासगोला ६.९८ सेकंदांत ६० मीटरचं जागतिक इनडोअर विजेतेपद मिळवलं. पाच महिन्यांनी पॅरिसमध्ये तीच १०० मीटरची ऑलिम्पिक विजेती झाली.

अडथळ्यांचं गणित

महिलांच्या शर्यतीत अडथळ्याची उंची ८३.८ सेंटिमीटर असते. पहिला अडथळा १३ मीटरवर, त्यानंतर दर साडेआठ मीटरवर एक. असे पाच झाले की शेवटचे १३ मीटर मोकळे. १०० मीटरमध्ये हेच अडथळे दहा असतात.

दोन अडथळ्यांमध्ये तीन पावलं, बस्स. पाऊल आखूड पडलं तर पुढचा अडथळा लांब वाटतो, आणि लांब पडलं तर अडथळा अंगावर येतो. १०० मीटरमध्ये सुरुवातीची चूक भरून काढायला पुढे थोडी जागा असते. इथे ती जागाच नाही, म्हणून ही शर्यत बरीचशी 'स्टार्ट'वर ठरते.

स्टार्टचा नियमही कडक आहे. बंदुकीच्या आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आत खेळाडू हलली, तर तिने आवाज ऐकण्याआधीच सुरुवात केली असं धरलं जातं आणि ती बाद होऊ शकते. ज्योतीने स्टार्टचा गोंधळ जवळून पाहिलाय. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत चीनची वू यान्नी आधी निघाली, पण सुरुवातीला अधिकाऱ्यांनी ज्योतीलाही बाद ठरवलं. तिने जागेवरच दाद मागितली, मग दोघीही धावल्या आणि ज्योती तिसरी आली. नंतर वू यान्नी बाद झाली आणि ज्योतीचं ब्राँझ रौप्य झालं.

वाऱ्याने हिरावलेला विक्रम

छताखालच्या शर्यतीचा मोठा फायदा म्हणजे इथे वारा नसतो. ज्योतीइतकी याची किंमत क्वचितच कोणाला कळली असेल.

विशाखापट्टणमच्या या मुलीने २०२० मध्ये मूडबिद्रीच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत १०० मीटर अडथळे १३.०३ सेकंदांत पार केले. तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम होता अनुराधा बिस्वालचा, १३.३८ सेकंदांचा, तोही २००२ सालचा. पण तिथे उत्तेजक चाचणी झाली नव्हती, म्हणून ही वेळ विक्रम म्हणून धरली गेली नाही.

एप्रिल २०२२ मध्ये कोळिकोडला तिने १३.०९ सेकंद वेळ दिली. या वेळी पाठीमागून येणारा वारा सेकंदाला २.१ मीटर निघाला. नियमाने चालतो २.० मीटर. फरक फक्त ०.१ मीटरचा, पण विक्रम पुन्हा गेला. शेवटी मे २०२२ मध्ये सायप्रसच्या लिमासोलमध्ये १३.२३ सेकंदांची वेळ आली आणि २० वर्षांचा विक्रम अधिकृतपणे मोडला. गंमत म्हणजे ही वेळ आधीच्या दोन्ही नाकारलेल्या वेळांपेक्षा संथ होती!

८.१३ ला रौप्य, ८.१२ ला सुवर्ण

आता एक गोष्ट नीट बघा. फेब्रुवारी २०२३ मध्ये अस्तानाच्या आशियाई इनडोअर स्पर्धेत ज्योतीने ८.१३ सेकंद घेतले. तोही राष्ट्रीय विक्रम होता, पण जपानच्या मासुमी आओकीने ८.०१ सेकंदांत सुवर्ण नेलं. वर्षभराने तेहरानमध्ये ज्योतीची वेळ सुधारली फक्त ०.०१ सेकंदाने, म्हणजे अंतराच्या हिशेबात सात-आठ सेंटिमीटर. आणि पदक सोन्याचं!

याचा अर्थ सुवर्ण स्वस्त होतं असा नाही. पदक त्या दिवशी शेजारच्या लेनमध्ये कोण आहे यावर ठरतं, पण खेळाडूची प्रगती ठरते घड्याळावर. 'रौप्यवर समाधान' आणि 'सुवर्ण जिंकून इतिहास' या दोन हेडलाइनमागे जवळपास सारखीच धाव असू शकते. पुढचं आव्हानही घड्याळच दाखवतं. मार्च २०२४ मध्ये बहामाच्या डेव्हिन चार्लटनने ग्लासगोला ७.६५ सेकंदांचा विश्वविक्रम केला.

मग मुंबईच्या मुलींचं काय?

तेहरानच्या सुवर्णामागची तयारी भुवनेश्वरची आहे. ज्योती तिथे प्रशिक्षक जेम्स हिलियर यांच्याकडे घडली. महाराष्ट्राचा तेजस शिरसेही त्यांचाच शिष्य. मे २०२४ मध्ये त्याने १३.४१ सेकंदांत ११० मीटर अडथळ्यांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि मुंबईच्या सिद्धांत थिंगलायाचा १३.४८ चा जुना विक्रम मोडला. देशातलं पहिलं इनडोअर अ‍ॅथलेटिक्स स्टेडियमही भुवनेश्वरलाच झालं.

मुंबईच्या उपनगरांत असा ट्रॅक नाही. कांदिवलीला 'साई'चं केंद्र आहे, अंधेरीत क्रीडा संकुल आहे, पण जून ते सप्टेंबर पाऊस सराव बिघडवतो. ओल्या ट्रॅकवर अडथळ्यांचा सराव म्हणजे घसरून पडण्याची भीती.

यासाठी दरवेळी अख्खं स्टेडियमच लागतं असंही नाही. नियमानुसार ६० मीटरच्या शर्यतीला मागे किमान ३ आणि पुढे किमान १० मीटर मोकळी जागा हवी. म्हणजे एकूण ७३ मीटर, लोकलचे साधारण साडेतीन डबे. एवढी लांब, छत असलेली सरळ पट्टी मिळाली, तर बोरिवली-मुलुंडच्या मुलींचा स्टार्टचा आणि पहिल्या अडथळ्यांचा सराव चार महिने अडून राहणार नाही. आणि ज्या शर्यतीत ०.०१ सेकंदाचा हिशेब होतो, तिथे वर्षातले चार महिने फार मोठे असतात.