सेवामंडळाचे संकेतस्थळ

आपल्यापैकी ज्यांची नातवंडे अमेरिकेत शिकतात त्यांच्या कानांवर ‘की क्लब’ हे नाव गेले असेल. किवानिस ही व्यापारी व व्यावसायिक मंडळींची सेवासंस्था १९१५ साली डेट्रॉइट शहरी निघाली. दहा वर्षांनी, १९२५ साली, कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथील हायस्कुलात तिच्या आश्रयाने विद्यार्थ्यांचे पहिले मंडळ स्थापन झाले. प्रथम ते केवळ मुलग्यांचे होते. पुढे मुलींनाही प्रवेश मिळाला, आणि आज अशी मंडळे हजारोंनी आहेत. मुलेच आपले अध्यक्ष व चिटणीस निवडतात, गरजूंसाठी डबाबंद अन्न गोळा करतात, उद्याने साफ करतात, वृद्धाश्रमात जाऊन बसतात. चिटणीस व खजिनदार यांच्या जोडीला हल्ली पुष्कळ ठिकाणी आणखी एक पदाधिकारी असतो. त्याला ‘वेबमास्टर’ म्हणतात. मंडळाचे संकेतस्थळ, म्हणजे वेबसाइट, उभारणे व चालविणे हे त्याचे काम. सोळा-सतरा वर्षांची मुलगी हे काम कसे करते आणि ते बहुधा कोठे अडते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

उभारणी वाटते तितकी अवघड नाही. संकेतस्थळ म्हणजे रात्रंदिवस चालू असलेल्या एखाद्या संगणकावर ठेवलेली काही पाने. मजकुरात खुणा घालून हा मथळा, हा परिच्छेद, येथे बोट टेकले की दुसरे पान उघडावे, असे सांगावयाचे. या खुणांच्या भाषेस एचटीएमएल म्हणतात. वर्ल्ड वाइड वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत मांडली, आणि १९९३ च्या एप्रिलात सर्नने ती सर्वांस विनामूल्य खुली केली. म्हणूनच शाळकरी मुलीला कोणाचा परवाना काढावा लागत नाही. आता तर तयार साचेही मिळतात.

हौस मात्र भलतीकडे धावते. पहिल्या पानावर हलणारी चित्रे, मंडळाचे ध्येय, अध्यक्षांचे मनोगत! पण त्या पानाकडे येतो कोण? मुलीला शनिवारी किती वाजता कोठे सोडावयाचे, हे पाहणारी आई. आपले सेवेचे तास नोंदले गेले की नाही या काळजीत असलेला विद्यार्थी. सहा जणांची मदत हवी असलेला वृद्धाश्रमाचा व्यवस्थापक. या तिघांना तारीख, वेळ, जागा आणि विचारपूस करण्याचा पत्ता एवढेच हवे असते. ते वरच दिसले पाहिजे. तासांची नोंद तिकडे फार महत्त्वाची, कारण कॉलेजप्रवेशाच्या अर्जात ती दाखवितात.

ही नोंद सर्वांस दिसेल अशी ठेवण्याचा मोह होतो, तो आवरावा. मुलांची नावे, दूरध्वनी, अमुक दिवशी अमुक ठिकाणी असणार ही माहिती वाटेल त्याच्या हाती का द्यावी? आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीस मूल मानले आहे व त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. आणि ज्याला कांबळे दिले त्याचे छायाचित्र छापण्यास तर माझा स्पष्ट विरोध आहे. त्याने कांबळे घेतले, प्रसिद्धी मागितली नव्हती.

खरी अडचण पुढेच आहे. जिने हे सारे उभारले ती बारावी होऊन दूरच्या कॉलेजात जाते. संकेतस्थळाचे नाव, ज्याला डोमेन म्हणतात, विकत मिळत नाही. ते मुदतीने भाड्याने घ्यावे लागते. भाडे वडिलांच्या कार्डावरून भरलेले, सूचना जातात तिच्या जुन्या ईमेलवर, परवलीचा शब्द तिच्याच डोक्यात. मुदत टळली की पान बंद पडते. डॉट ओआरजी किंवा डॉट कॉम अशा नावांच्या बाबतीत विक्रेत्याने नाव रद्द केल्यावर ते सोडवून घेण्यास ३० दिवस मिळतात, तेही भारी दंड भरून. नंतर ५ दिवसांनी ते नाव कोणासही घेता येते. ग्रंथालयातल्या आणि वृद्धाश्रमातल्या फलकावर जुनाच पत्ता राहतो, आणि त्या पत्त्यावर एखादे दिवशी जुगाराची जाहिरात उघडते. पान बंद न पडता तसेच राहिले तरी बरे नव्हे. गेल्या वर्षीच्या अन्नवाटपाची तारीख वाचून एखादा गरजू यंदा रिकाम्या पटांगणात येऊन उभा राहावयाचा.

आपली राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत, ४० हजार विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. तिच्यातही दोन वर्षांत २४० तास भरावे लागतात. ती नोंदवही कार्यक्रम अधिकारी बदलले तरी हरवत नाही, कारण ती ज्या कपाटात असते ते कपाट कॉलेजचे असते. संकेतस्थळासही असेच कपाट हवे. नाव शक्यतो शाळेच्याच नावाखाली घ्यावे. ईमेल मंडळाचा असावा. देखरेख करणाऱ्या शिक्षकांपाशी परवलीचे शब्द पाकिटात बंद करून ठेवावेत. आणि कसब दाखविणाऱ्या रचनेपेक्षा पुढच्या वर्षीच्या मुलांना झेपेल असा साधा साचा घ्यावा.

सुपूर्दनामा वार्षिक परीक्षेच्या आधीच उरकावा. नववीतल्या एखाद्या मुलास संगणकापुढे बसवून पुढच्या कार्यक्रमाची तारीख बदलावयास सांगावे, आणि जिने संकेतस्थळ उभारले तिने तेवढा वेळ हाताची घडी घालून मागे उभे राहावे.