खांदा आखडला? एकदा साखर तपासा

सोयाबीनच्या राशी उरकल्या की गावोगावी एक तक्रार ऐकू येते. काढणीच्या धावपळीत फारसे काही जाणवलेले नसते, पण आता वेणी घालायला हात मागे जात नाही. झंपर घालताना डोळ्यांत पाणी येते. पुरुषांना सदऱ्याच्या बाहीत हात घालता येत नाही, पँटच्या मागच्या खिशातले पाकीट काढता येत नाही. रात्री त्या कुशीवर वळले की कळ उठते. घरचे निदान ठरलेले असते : ‘वात धरला.’ मग तेलाने चोळणे, विटेचा शेक, बाम आणि औषध दुकानातून मागून आणलेल्या दोन गोळ्या. यातच चार-पाच महिने निघून जातात.

खांदेदुखी हा काही एकच आजार नाही. त्यातले कोणते दुखणे आपले आहे, हे समजले तर पुढचा बराच त्रास आणि खर्च टळतो.

शरीरातला सर्वांत जास्त फिरणारा सांधा खांद्याचा. त्याची किंमतही आपण मोजतो. खुब्याचा गोळा खोल वाटीत पक्का बसलेला असतो. खांद्याचा गोळा म्हणजे उथळ बशीवर ठेवलेले लिंबू. ते घसरू नये म्हणून चार स्नायूंच्या कंडरा त्याला चारी बाजूंनी धरून ठेवतात. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. सांध्याभोवती पातळ पिशवीसारखे आवरण असते. दुखणे बहुतेक वेळा या दोरीचे असते, नाहीतर त्या पिशवीचे.

आधी दोरीचे पाहू. मोंढ्यातला हमाल, पाठीवर पंप घेऊन फवारणी करणारा शेतकरी, छताला रंग देणारा कारागीर, फळ्यावर वर्षानुवर्षे लिहिणारे गुरुजी यांचा हात सारखा वर किंवा ओझ्याखाली असतो. या कंडरा सुजतात, झिजतात, कधी फाटतात. हात बाजूने वर नेताना मधल्या टप्प्यात, साधारण 60 ते 120 अंशांच्या दरम्यान, कळ येते आणि त्यापुढे हात गेला की ती कमी होते. साठीनंतर कंडरा थोडीफार फाटलेली असणे इतके सर्रास आढळते की अनेकांना त्याचा पत्ताही नसतो. म्हणूनच पहिल्याच आठवड्यात एमआरआय करून त्यात दिसलेल्या प्रत्येक चिरेला घाबरणे मला पटत नाही. मात्र पडल्यानंतर अचानक हात उचलता येईनासा झाला, तर ती गोष्ट वेगळी. तिथे उशीर नको.

आता पिशवीचे. खांद्याभोवतीचे आवरण सुजते, जाड होते, आकसते आणि सांधा जखडतो. यालाच ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणतात. बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी 1934 मध्ये हे नाव रूढ केले. हा आजार सहसा चाळिशी ते साठीत होतो, बायकांना जास्त. आधी काही महिने नुसते दुखणे, मग दुखणे कमी पण खांदा जाम, आणि नंतर हळूहळू सुटणे, असा त्याचा प्रवास असतो. तो एक ते तीन वर्षे चालू शकतो आणि काहींच्या खांद्यात थोडा ताठरपणा कायम राहतो.

दोन्हींतला फरक घरीही साधारण कळतो. कोपर अंगाला चिकटवून काटकोनात वाकवा आणि पंजा बाहेरच्या बाजूला न्या. तो जात नसेल, तर दुसऱ्या कोणाला हलकेच नेऊन पाहायला सांगा. दुसऱ्याच्या हातानेही जात नसेल, तर खांदा आखडल्याची शक्यता मोठी. दुसऱ्याने नेला तर जातो, पण स्वतःला जोर लावता येत नाही, असे असेल तर कंडरेकडे पाहावे लागते. पक्के निदान अर्थात डॉक्टरांचेच. सांध्याची झीज पाहण्यासाठी ते एखादा एक्स-रे सांगतील.

खांदा आखडण्याचा आणि मधुमेहाचा जवळचा संबंध आहे. मधुमेह असलेल्यांना हा त्रास इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त होतो, आणि तो जास्त दिवस रेंगाळतो. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि अनेकांना तो असल्याचे ठाऊकच नसते. त्यामुळे कारण नसताना खांदा आखडला, तर उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर एकदा तपासून घ्यावीच. थायरॉइडच्या रुग्णांमध्येही हा त्रास जास्त दिसतो.

उपचारांचा कणा म्हणजे व्यायाम. टेबलाला एक हात टेकून वाकायचे आणि दुखरा हात लंबकासारखा सैल झुलवायचा. भिंतीवर बोटांनी चढत जायचे. पाठीमागे टॉवेल धरून चांगल्या हाताने दुखरा हात वर ओढायचा. आधी दहा मिनिटे गरम शेक घेतला तर सोपे जाते. दिवसातून तीन-चार वेळा, थोडे ताणले जाईल इतकेच. दुखणे ऐन भरात असताना जोर लावून ओढाताण करू नये. पण हात गळ्यात बांधून ठेवणे त्याहून वाईट, त्याने सांधा आणखी जखडतो. झोपताना चांगल्या कुशीवर वळून दुखऱ्या हाताखाली उशी घ्यावी.

दुखणे फार असेल तर सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात. त्याची लोकांना उगाच भीती वाटते. सुरुवातीच्या काळात त्याने चांगला आराम पडतो. फक्त मधुमेहींची साखर त्यानंतर काही दिवस वाढते, तेव्हा ती रोज मोजावी. भीती बाळगायचीच तर मनाने महिनोन्महिने खाल्लेल्या वेदनाशामक गोळ्यांची बाळगावी, कारण त्या पोटाला आणि मूत्रपिंडाला बाधतात. बिनलेबलाच्या पुड्यांत तर काय असते ते देणाराही सांगत नाही.

शस्त्रक्रियेची घाई नको. ब्रिटनमध्ये फ्रोझन शोल्डरच्या 503 रुग्णांवर झालेला अभ्यास 2020 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. इंजेक्शनसह फिजिओथेरपी, भूल देऊन सांधा मोकळा करणे आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया या तिन्हींची त्यात तुलना होती. वर्षअखेर तिन्हींच्या गुणात मोठा फरक नव्हता. काही महिने नीट व्यायाम करूनही खांदा सुटला नाही, तर मग शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथे सरकारी उपचारांची सोय आहे.

काही दुखणी मात्र खांद्याची नसतातच. कोपराच्या खाली बोटांपर्यंत मुंग्या येत असतील तर मूळ मानेत असू शकते. उजव्या खांद्यात आणि पोटात जेवणानंतर कळ येत असेल तर पित्ताशयात खडे असू शकतात. चालताना किंवा जिना चढताना छाती भरून येते, डावा खांदा किंवा हात दुखतो, घाम फुटतो, अशा वेळी बाम चोळत बसू नये. लगेच दवाखाना गाठून ईसीजी काढावा. मधुमेहींना हृदयविकाराच्या झटक्यात छातीत कळ न येताही नुसता धाप लागून घाम येऊ शकतो. सांधा लाल, गरम होऊन ताप आला असेल तरी थांबू नये. आणि पडल्यावर खांद्याचा आकार बदललेला दिसला, तर हाडवैदाकडे ओढून बसवायला जाऊ नये. हात आहे तसा आधाराने बांधावा आणि आधी एक्स-रे काढावा. ओढाताणीत तिथली शीर दुखावली, तर हाताची ताकद परत यायला महिने लागतात.