बंपरवाल्याकडून शिकावा असा शौक

आळेफाट्याला पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते एकमेकांना छेदतात. साहजिकच गाडीचं जे जे बिघडतं ते दुरुस्त करणारे हात अशा नाक्यावर सापडतात आणि त्यात डेंटिंग-पेंटिंगवाले आलेच. रिमोटवर पळणाऱ्या मॉडेल गाड्यांचा शौक या भागातल्या एखाद्या पोराला लागला, तर परदेशी व्हिडिओ बघत बसण्याआधी त्याने अशा एखाद्या पेंटरच्या शेडमध्ये दुपार काढावी. बंपरच्या कडक प्लॅस्टिकवर रंग कसा धरतो, हे त्या माणसाला पोटापाण्यासाठी शिकावं लागलेलं असतं.

जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीने 1976 मध्ये पोर्श 934 ही आपली पहिली रेडिओ-नियंत्रित गाडी काढली. तिची बॉडी साध्या मॉडेल किटसारखी, कडक प्लॅस्टिकची होती. शर्यतवाल्यांना ती जड वाटे आणि आपटली की तडकेही. ते पॉलिकार्बोनेटकडे वळले. 1953 मध्ये जर्मनीत हर्मन श्नेल आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स या दोघांनी स्वतंत्रपणे शोधलेलं हे पारदर्शक, लवचिक प्लॅस्टिक. त्याची बॉडी आतून रंगवतात. बारीक पट्टे आधी, मुख्य रंग नंतर, शेवटी मागून पांढरा किंवा चंदेरी. बाहेरून कितीही घासली तरी रंग शाबूत राहतो.

पण दाराची कडी, जाळी, वायपर हे सगळं खऱ्यासारखं उठावदार हवं असेल, तर कडक बॉडीच लागते. 1987 ची तामियाची ‘लंच बॉक्स’ व्हॅन असो की आजच्या दगडांवर चढणाऱ्या काही क्रॉलर गाड्या, तिथे एबीएससारख्या कडक प्लॅस्टिकची बॉडी असते. ही बॉडी बाहेरून रंगवायची, म्हणजे प्रत्येक चूक लोकांच्या डोळ्यांसमोर राहते. मला यातच खरी मजा वाटते. आतून रंगवलेल्या बॉडीला प्लॅस्टिकची चकाकी आयती मिळते, इथे ती कमवावी लागते.

पहिला प्रश्न प्लॅस्टिक कोणतं, हा. कुठल्याही कारचा उतरवलेला बंपर उलटा करून बघा. आतल्या बाजूला दोन बाणांच्या मधे बारीक अक्षरं उठवलेली असतात: पीपी, एबीएस किंवा पीसी. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, रंगाला जवळ करत नाही. म्हणून कारखान्यात रंगाआधी त्यावरून ज्योत फिरवतात किंवा खास प्रायमर मारतात, आणि गॅरेजवाला प्लॅस्टिक प्रायमरचा हात देतो. तो हात चुकवला की काही महिन्यांत रंगाचे पापुद्रे निघतात. एबीएसची गोष्ट उलटी. त्याला रंग पटकन चिकटतो, पण कडक थिनर जास्त ओला बसला तर प्लॅस्टिकच विरघळू लागतं. पत्र्याची बॉडी 140 अंशांच्या आसपास भाजतात, बंपर मात्र 80 च्या पुढे नेता येत नाही. बंपरची आणि मडगार्डची छटा कधीकधी जुळत नाही, त्याचं एक कारण या वेगळ्या भाजणीत आहे.

दुसरा प्रश्न रंगाचा. ड्युपाँटने 1923 मध्ये ‘ड्युको’ हा नायट्रोसेल्युलोज लॅकर मोटारींसाठी आणला आणि आठवडे खाणारं रंगकाम तासांवर आलं. आपल्याकडे तो ‘डुको’ होऊन गॅरेजात आणि फर्निचरवाल्यांकडे रुळला. डुकोवर ऑइल पेंट चालतो. अर्धवट वाळलेल्या ऑइल पेंटवर डुको मारला, तर खालचा थर सुरकुत्या पडून उठतो. हार्डवेअरच्या दुकानातला स्प्रेचा डबा घेताना तो लॅकर आहे की इनॅमल, म्हणजे ऑइल पेंटच्या जातीचा, एवढं तरी वाचून घ्यावं.

कृती तशी साधी, पण घाई चालत नाही. भांड्याच्या साबणाने बॉडी धुवायची, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं तेलकट द्रव्य अंगावर राहिलेलं असतं. मग बारीक वॉटर पेपर, मग प्रायमर. डबा वीस-तीस सेंटिमीटरवर धरायचा. फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच सोडायचा, नाहीतर कडेला ओघळ ठरलेला. पहिला हात इतका विरळ की खालचा थर दिसला पाहिजे. दुसरा जरा भरीव, तिसऱ्याला झाकलं जातं. लाल प्लॅस्टिकवर पांढरा थेट मारू नये, गुलाबी झाक वर येते. मधे चंदेरी घालावा.

हवामान मात्र ज्याच्या त्याच्या गावचं. जुन्नर तालुक्यात पश्चिमेला माळशेजच्या तोंडाशी पावसाची झोड असते, पूर्वेला आण्याचं पठार कोरडं. आळेफाटा या दोहोंच्या मधे. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दव धरतं आणि लॅकर पांढरट होतो. गॅरेजवाला गनमध्ये रिटार्डर, म्हणजे सावकाश उडणारं थिनर, घालून वेळ मारून नेतो. डब्यात ती सोय नाही, उघडीप बघावी. उन्हाळ्यात धूळ छळते, म्हणून आधी जमिनीवर पाणी शिंपडायचं.

गॅरेजमधलं सगळंच मात्र घरी आणू नये. दोन घटकांच्या पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, दम्यासारखा त्रास जडवणारं. तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही, मग पेंटर काहीही म्हणो.

महाराष्ट्रातली हौशी पोरं सनबोर्ड कापून एसटी, ट्रक, ट्रॅक्टर बनवतात, हे मला आयत्या किटपेक्षा मोठं काम वाटतं. सनबोर्डची कापलेली कड सच्छिद्र असते, पुट्टी भरल्याशिवाय ती रंग पीत राहते. मागच्या फळीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायचं की नाही, हे गाडीच्या सालावर ठरवा. राज्यात 2015 मध्ये त्यावर बंदी आली.

आणि नारायणगावच्या बाजाराला जाणारी टोमॅटोची पिकअप करायची असेल, तर पांढरा रंग चकचकीत ठेवून भागणार नाही. वरून मॅट क्लिअर मारा. क्रेट घासून रंग उडतो तो हौद्याच्या वरच्या कडांचा आणि फाळक्याच्या आतल्या बाजूचा, तिथेच जवळजवळ कोरड्या ब्रशने करडा रंग ओढा. दारांवर नको, तिथे कोणी क्रेट घासत नाही.